पळत्या माणसाची पाटी

७ एप्रिल

डॉक्टरनं सांगितलं म्हणून लिहिते. पाथर्डीच्या डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघून तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "बाई, दिवसभर कुणावर ओरडता?" मी म्हटलं, "जो समोर येईल त्याच्यावर." तो म्हणाला, आता कागदावर ओरडत जा. गोळ्या पण दिल्यात.

डायरी खताच्या दुकानानं परवेझला फुकट दिलेली. प्रत्येक पानावर एक सुविचार छापलाय. तो मी आधी खोडते, मग लिहायला घेते. पहिल्या पानावर नावाची जागा आहे, तिथं लिहिलं: अख्तरी पीरमहंमद, भंगारवाले, तिसगाव रोड. घरात आम्ही दखनी बोलतो, पण लिहायला मला मराठीच येतं. शाळा मराठी होती. चौथीपर्यंत.

घरात चार माणसं. आमचे हे, पीरमहंमद, बोलतच नाहीत. मुलगा परवेझ टेम्पो चालवतो. त्याची बायको उझ्मा बारावी सायन्स झालेली आहे. ती पण बोलत नाही, पण तिच्या तोंडावर बारावी दिसते. तिला सातवा लागलाय. लग्नाला सहा वर्षं झाली, दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडंच. या वेळी काही होऊ देणार नाही मी. काल तिनं भरल्या हंड्याला हात लावला तर एवढी ओरडले की समोरच्या घरातलं मांजर पळालं. डॉक्टरला हे ओरडणं पण चालत नाही म्हणे.

१० एप्रिल

परवेझ पुण्याहून टेम्पो भरून आला. कुठल्यातरी कंपनीची ऑफिसची इमारत आतून उखडून काढली, त्याचा माल. छताचं अॅल्युमिनियम, वायरी, दारांच्या मुठी, आणि एका खोक्यात जाड प्लास्टिकच्या पाट्या. पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि शेजारी एक माणूस पळतोय. कशाला पळतोय ते दाखवलेलं नाही.

दिवेलागणीला लाईट गेली. टॉर्च शोधायला गोदामात गेले तर खोक्यातून हिरवा उजेड. ना वायर, ना सेल, ना बटन. मी पाटी उलटी केली, सुलटी केली, खांबावर आपटली. उजेड हलत नाही.

परवेझ म्हणाला, "अम्मी, ते बाहेर जायचा रस्ता दाखवायला असतं. बिल्डिंगला आग लागली की."

"आग लागल्यावर पाटी वाचायला कोन थांबतं?"

पाटीच्या मागं पिवळा कागद चिकटवलाय, त्यावर तीन पात्यांचा पंखा काढलाय. पंख्याच्या कंपनीचा माल दिसतो. उझ्मानं मोबाईलचा उजेड धरून कागद वाचला. म्हणाली, "अम्मी, इथं लिहिलंय की फोडू नका. वापर संपला की कंपनीला परत द्या. आणि हा पंखा नाही वाटत मला. हे चिन्ह आमच्या पुस्तकात..."

मी म्हटलं, "कुकरवर काय कमी लिहिलेलं असतं? ते वाचत बसले असते तर तुझ्या सासऱ्याच्या पोटात आजवर डाळ गेली नसती."

उझ्मा बराच वेळ मोबाईलमध्ये डोकं घालून होती.

१३ एप्रिल

भंगाराचा धंदा म्हणजे वेगळं करणं. लोखंड लोखंडाच्या ढिगात, तांबं तांब्याच्या, प्लास्टिक प्लास्टिकच्या. जोडलेली वस्तू कुणी घेत नाही. म्हणून आज हातोडी घेऊन बसले आणि पाट्या फोडल्या. चौकट एकीकडं, प्लास्टिक दुसरीकडं. आत निघाल्या काचेच्या बारीक नळ्या, उदबत्तीच्या तुकड्याएवढ्या. उजेड त्यांच्यात आहे. एक-दोन माझ्या हातानं फुटल्या. फुटली की फक्त टिच्‌ असा आवाज येतो आणि काच विझते. बिचारी.

ही काच फुटक्या बाटल्यांत टाकायला जीव होईना. चमकत्या काचेचा आमच्याकडं ढीगच नाही. नळ्या बिस्किटाच्या डब्यात भरल्या. एक पाटी आख्खी ठेवली, कारण ती आमच्या ह्यांना आवडली. समोर ठेवून चहा पितात.

उझ्मा दारापर्यंत आली, नाकाला ओढणी लावली आणि मागं फिरली. धुळीचा एवढा नखरा भंगारवाल्याच्या घरात चालतो होय?

१८ एप्रिल

आमच्याकडं टँकर चार दिवसांनी येतो. कधी पाच. कधी ड्रायव्हरची बहीण आजारी असते. पाणी ठेवायचा निळा ड्रम स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तिथं भर दुपारी अंधार. पाणी किती उरलं बघायचं तर झाकण काढा, कमरेत वाका, आत हात घाला. माझी कमर आता वाकताना शिव्या देते.

आज डोक्यात आलं. डब्यातली एक नळी घेतली, थर्माकोलच्या तुकड्याला दोऱ्यानं बांधली आणि ड्रममध्ये सोडली. झाकण उचललं की हिरवा उजेड तरंगताना दिसतो. वर असला तर पाणी आहे, खाली असला तर ओरडायला सुरुवात करायची. काच स्वच्छ धुऊन घेतली होती, एवढी अक्कल आहे मला.

परवेझ म्हणाला, "अम्मी, तू इंजिनिअर व्हायला पायजे हुतीस." हे हसले. उझ्मा हसली नाही. तिनं बटाटे जास्तच जोरात सोलले.

२२ एप्रिल

गल्लीभर झालं. सकाळपासून बाया येतायत. "अख्तरीबी, एक काडी द्या की." "अख्तरीबी, आमच्या हौदाला दोन लागतील." कुणाला नाही म्हटलं नाही. फुकट वाटायला मला पण आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मिळालंय.

चांगुणाबाईला पण देत होते. ती समोरच राहते. टँकरच्या रांगेत तिनं एकदा माझ्या पाईपवर पाय देऊन ठेवला होता आणि माझा हंडा अर्धा राहिला. तेव्हापासून आम्ही भांडण्यापुरतं बोलतो. तरी मी मन मोठं केलं.

"घे गं, फुकट हाय."

"मला न्हाई पायजे तुझी हिरवी काडी. माज्या हौदात किती पानी हाय ते मला डोळं झाकून कळतं."

"मग झाकूनच बस."

"बसते. पन भंगार पान्यात घालून पेनार न्हाई मी."

सगळ्या गल्लीत एकटी तीच राहिली. खुनशी बाई.

२७ एप्रिल

हंडा बुडवताना काठ लागला आणि ड्रममधली नळी फुटली. टिच्‌. टँकर कालच येऊन गेलेला, ड्रम गळ्यापर्यंत भरलेला.

उझ्मा धावत आली. म्हणाली, "अम्मी, हे पाणी आता नको. झाडांना घालू या."

"झाडांना? कुठली झाडं बघितलीस ह्या गल्लीत?"

"अम्मी, मी वाचलंय, ह्याच्या आत जो गॅस असतो..."

"गॅस असता तर पेटला असता. काच हाय ती. काच गाळता येती."

ओढणी चौपदरी करून सगळा ड्रम गाळून काढला. काचेचा कण ठेवला नाही. एप्रिलच्या शेवटाला भरलेला ड्रम ओतून द्यायचा म्हणे! बारावीला हिशेब शिकवत नाहीत वाटतं. संध्याकाळी त्याच पाण्याचा चहा केला. उझ्मा म्हणाली, पित्त होतंय, चहा नको. नको तर नको.

ड्रममध्ये नवी नळी सोडली.

२९ एप्रिल

सुनेला नवी खोड लागलीये. रोज दोनदा चांगुणाबाईकडं जाऊन बसते. जाताना ओढणीखाली काहीतरी धरलेलं असतं, येताना पण असतं. मी विचारलं, एवढं काय बोलता? म्हणाली, "मावशींना पेपर वाचून दाखवते." त्या बाईला कधीपासून पेपर लागायला लागला? माझ्याच घरातल्या गोष्टी तिकडं ओतत असणार. आई असती तर आईकडं गेली असती, म्हणून मी बोलले नाही. म्हणजे थोडंच बोलले.

१ मे

आज झेंडावंदनानंतर ग्रामसभेत माझा सत्कार झाला. पाणी जपून वापरायचा गावठी शोध लावला म्हणून. शाल, नारळ, फेटा. सरपंच सोपानराव माईकवर म्हणाले, "आपल्या अख्तरीभाभींनी विजेशिवाय, बॅटरीशिवाय, सरकारशिवाय ही सोय केली." मला बोलायला लावलं. मी म्हटलं, सोय झाली ते ठीक, पण ड्रममध्ये बघायला पाणी पण लागतं, तेवढं टँकरचं बघा. टाळ्या पडल्या. टँकरचं कुणी काही बोललं नाही.

फोटोसाठी आख्खी पाटी हातात धरली. पेपरवाला म्हणाला, ताई, जरा वर. धरली वर. घरी आल्यावर परवेझनं मोबाईलमध्ये दाखवलं, मी पाटी उलटी धरलेली. पळता माणूस माझ्याकडं आणि पिवळा पंखा सगळ्या जगाकडं. जाऊ दे. फेटा चांगला आलाय.

उझ्मा सत्काराला आली नाही. पाय सुजलेत म्हणाली. चांगुणाबाईकडं जाताना सुजत नाहीत.

६ मे

पेपरात फोटो आला. सगळे म्हणतात, रंगीत आलाय.

१४ मे

फोटो मुंबईपर्यंत गेला.

दुपारी दोन गाड्या आल्या, पांढऱ्या. मला वाटलं आणखी एक सत्कार. मुंबईच्या सरकारी खात्यातल्या एक मॅडम उतरल्या, जयमाला नावाच्या, आणि दोन माणसं. माणसांनी बुटांवर पिशव्या घातल्या. आमच्याकडं लोक बूट काढून येतात, हे घालून आले.

मॅडमनी विचारलं, "मावशी, पेपरातली पाटी कुठं आहे?" ह्यांनी चहाचा कप बाजूला ठेवून पाटी उचलून दिली. मॅडमनी ती अशी घेतली जशी मी उंदराचा पिंजरा घेते.

मग बसून नीट सांगितलं, ते खरं. नळीत एक गॅस भरलेला असतो. त्यातून किरणं निघतात, त्यानंच काच चमकते. काच शाबूत आहे तोवर काही होत नाही. फुटली आणि पोटात गेलं तर ते अंगात पाण्याबरोबर फिरतं. तो पंखा म्हणजे किरणांची खूण आहे. पाट्या कंपनीला परत जायला पाहिजे होत्या. इमारतीचा मालक म्हणतो ठेकेदारानं द्यायच्या होत्या, ठेकेदार म्हणतो त्याच्या माणसानं, त्याचा माणूस म्हणतो भंगारवाल्यानं समजून घ्यायला पाहिजे होतं. म्हणजे सगळ्यांच्या खाली आम्ही.

एका माणसानं यंत्र काढून ड्रमजवळ धरलं. यंत्र गप्प. मी म्हटलं, "बघा! वाजत न्हाई. उगाच आलात."

मॅडम म्हणाल्या, "ही किरणं इतकी कमजोर असतात की या यंत्राला कळत नाहीत. लघवी तपासली की कळतं."

सगळ्यांना बाटल्या दिल्या. माणसं सरकारी गाडीत बसून मुंबईहून येतात आणि भंगारवाल्याची लघवी घेऊन जातात. असलं मी ऐकलं नव्हतं.

मी हसत होते. मग मॅडमनी विचारलं, "एखादी नळी पाण्यात फुटली होती का?"

मी सांगितलं. गाळलं ते पण सांगितलं. मॅडमनी लिहायचं थांबवलं आणि उझ्माच्या पोटाकडं बघितलं. म्हणाल्या, "घाबरू नका. फार थोडं असतं. पण पोटातल्या बाळाचा प्रश्न आहे, म्हणून तपासलेलं बरं. निकाल आठ-दहा दिवसांनी येईल. तोवर ड्रममधलं पाणी बंद. आणि सगळ्यांनी भरपूर पाणी प्यायचं, त्यानं ते लवकर निघून जातं. नेहमीच्या दुप्पट."

"कुठलं पाणी?" मी विचारलं.

मॅडमनी सोबतच्या माणसाकडं बघितलं. त्यानं त्याच्या यंत्राकडं बघितलं.

१५ मे

गल्लीतले सगळे ड्रम, सगळे हौद रिकामे केले. नळी असलेलं पाणी कुणी प्यायचं नाही. त्यांनी ते मोटार लावून टाकीत भरलं आणि गाडीतून नेलं. पाणी न्यायला टँकर दहा वाजता हजर. आणायला कधी असा आला नाही.

बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच टाळ्या वाजवत होत्या. एक म्हणाली, "फेटा घाला आता भाभींना." मी तिला काहीच बोलले नाही. परवेझनं घाबरून माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

नळ्या परत मागायला मीच घरोघर गेले. फुकट दिलेली वस्तू परत मागणं हे भीक मागण्यापेक्षा वाईट. एकीनं ती मुलाच्या दप्तराला बांधली होती. एकीनं कोंबड्यांच्या खुराड्यात लावली होती, म्हणे मुंगूस घाबरतं. सगळ्या गोळा झाल्या. मॅडमच्या माणसानं झाकणबंद पिंपात ठेवल्या. चांगुणाबाईच्या दारावरून मात्र जावं लागलं नाही.

१६ मे

त्या दिवशी ती म्हणाली होती, झाडांना घालू या.

गाळलं मी. पाजलं मी. तिनं वाचून दाखवलं तेव्हा कुकरचं पण मीच बोलले. आज नमाजला बसले आणि काय मागायचं तेच सुचेना. एवढंच म्हटलं, जे झालं असेल ते माझ्या अंगात होऊ दे. मला काही फरक पडत नाही, तसंही माझं रक्त जोरात पळतंय.

१९ मे

आमच्या घरी कुणी येत नाही. दूधवाला गेटवरच किटली ठेवतो आणि पळतो. गोदामाच्या दाराला मॅडमनी पिवळी पट्टी बांधलीये, त्यावर पंखा. एक फायदा, भुरट्या चोरांनी येणं बंद केलं.

आणि तहसीलमधून हुकूम आलाय की किरणांमुळे आमच्या गल्लीला खास टँकर, रोज, सकाळी. तीन वर्षं अर्ज करत होतो. तहानेनं मेलो तर कुणी विचारत नव्हतं.

मी उझ्माला तासाला तांब्या देते. समोर बसून संपवायला लावते. ती बिचारी पिते. काल म्हणाली, "अम्मी, आता पोटात बाळाला जागा राहणार नाही." मी म्हटलं, "बाळ सरकून घेईल." मग ती माझ्याकडं जरा वेळ बघत राहिली, काहीतरी सांगायचं असल्यासारखी. मी म्हटलं, बोलत बसू नको, पी.

तरी चांगुणाबाईकडं जाणं चालूच आहे. ह्या दिवसांत तेवढी एकच बाई तिला घरात घेते, म्हणून अडवलं नाही.

२४ मे

मॅडमचा फोन आला. परवेझनं स्पीकरवर लावला. माझ्यात आणि ह्यांच्यात ते सापडलंय. एक्स-रे काढल्यावर जेवढी किरणं लागतात, त्याच्या आसपास. महिनाभर पाणी प्यायलं की जाईल. परवेझमध्ये त्याहून कमी, तो बाहेरच फिरत असतो. आणि उझ्मामध्ये नावापुरतं. नसल्यातच जमा. बाळाला काही धोका नाही.

मी फोन हातातून घेऊन विचारलं, "नक्की तिचीच बाटली का? अदलाबदल न्हाई ना झाली?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, नाही झाली.

मी रस्त्यात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "माझी सून साफ हाय! माझ्या घरचं पानी पिऊन साफ हाय!"

समोरून चांगुणाबाई झाडू टाकून बाहेर आली. "तुज्या घरचं? अगं अख्तरे, ज्या दिवशी तू ती काडी पान्यात सोडली ना, त्या दिवसापासून त्या गाड्या येईपातुर तुज्या सुनंनं तुज्या घरचा घोट घेतला न्हाई. रोज बाटली घिऊन येती. मला म्हनली, मावशी, अम्मींना सांगू नका, त्यांचा बीपी वाढंल."

माझा बीपी वाढला.

माझ्या छपराखाली राहून समोरच्या बाईचं पाणी! जिनं माझ्या पाईपवर पाय दिला तिचं! आणि मी वेडी तांब्यावर तांब्या पाजत बसले आणि ही निमूट पीत बसली! घरात गेले ती भांडायच्या तयारीनंच. उझ्मा पीठ मळत होती. मी म्हटलं, "बाटली कुठं हाय?"

तिनं पिठाच्या डब्यामागून काढून दिली. कोल्ड्रिंकची, मोठी, बाहेरून जुन्या मोज्यात घातलेली. पाणी गार राहावं म्हणून. हात पिठाचे, डोळे माझ्यावर, आणि पोटावर ओढणी ओढून घेतली, जसं मी मारणारच आहे.

लई लिहायचं होतं. राहू दे.

२५ मे

सकाळी रिकामी बाटली घेऊन चांगुणाबाईच्या दारात उभी राहिले. खास टँकर उभा होता बाहेर, सगळ्या बाया बघत होत्या. त्याचं पाणी पण चांगलंच असेल. पण चांगलंच असेल ह्यावर मी एकदा चालले आहे.

ती म्हणाली, "काय?"

मी म्हटलं, "भर."

तिनं बाटली हातात घेऊन उलटसुलट बघितली. "एवढ्यानं काय हुतंय? हंडा आन."

हंडा आणला. तिनं स्वतः भरला, काठोकाठ. मी उचलायच्या आधी म्हटलं, "पाय तू दिला हुतास. पाईपवर."

"व्हय, दिला हुता."

"मग झालं."

तिनं चहा पण केला. साखर जास्त घालते ती.

२ जून

खास टँकर बंद झाला. मॅडमचा कागद आला की आता गल्लीत काही धोका उरलेला नाही. पिवळी पट्टी पण काढली. मी म्हटलं, गोदामाच्या दारावरची तेवढी राहू द्या, चोरांसाठी. नाही म्हणाले.

परत तोच टँकर, चार दिवसांनी, ड्रायव्हरच्या बहिणीसह. संध्याकाळी दोघीतिघी आल्या, पंधरवडाभर ज्यांनी माझ्याकडं तोंड केलं नव्हतं त्याच. इकडचं तिकडचं बोलल्या. मग एक हळूच म्हणाली, "अख्तरीबी, त्यातली एखादी काडी शिल्लक आसंल का वो कुठं? पान्यात न्हाई घालनार. नुसती दाखवायला."

त्यांना मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. लिहिलं तर ही डायरी खताचं दुकान पण परत घेणार नाही.

१७ जून

पाथर्डीच्या दवाखान्यात बसून लिहितेय. उझ्माला पहाटे कळा सुरू झाल्या. परवेझनं टेम्पो असा चालवला की मी प्रत्येक खड्ड्याला त्याच्या बापाचं नाव घेतलं. बाप शेजारीच बसलेला.

दहा वाजता तिला आत घेतलं. बाळंतपणाच्या खोलीच्या दारासमोर बाकडं. त्यावर बसले, मान वर केली, आणि समोर पळता माणूस. तीच पाटी. हिरवी, पेटलेली, बरोबर त्या दाराच्या वर, जिथून माझं नातवंड यायचं आहे.

मी उठले. वॉर्डात एक माणूस फरशी पुसत होता, अजिनाथ म्हणून हाक मारत होते त्याला. त्याला म्हटलं, "ह्याला वायर हाय का?"

"कशाला?"

"ह्या पळत्या मानसाला. वायर हाय का?"

"आसंल की मावशी."

"आसंल म्हनू नको. दाखव."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं पुसणं ठेवलं आणि बोटानं दाखवलं. पाटीच्या मागून एक पांढरी वायर निघून भिंतीवरच्या बटनापर्यंत गेलेली. बघून समाधान होईना. वायर कुठंही चिकटवता येते. मी बटन दाबलं.

पळता माणूस विझला.

मी हाताची सावली करून खालून बघितलं. अजिबात चमकत नव्हता. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला. प्रत्येक वेळी विझला. मग बंदच ठेवला आणि बटनाला पाठ लावून उभी राहिले.

एक नर्स आतून आली. "ओ मावशी, ती पाटी कुणी बंद केली? चालू ठेवायचा नियम आहे. काही झालं तर लोकांनी बाहेर कुठून जायचं?"

मी म्हटलं, "बाई, आत्ता कुनी बाहेर जात न्हाई. एक जन यायचा हाय. तो आला की लावते."

ती काहीतरी बोलणार होती, पण आतून हाक आली म्हणून पळाली. आमचे हे बाकड्यावरून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी पण भिंतीला पाठ लावली.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. मग रडायचा आवाज आला. असा आवाज, की फरशी पुसणारा दचकला. नर्सनं दार अर्धं उघडून सांगितलं, मुलगी आहे, दोघी बऱ्या आहेत, आणि काय हो, ओरडायला कुणावर गेली ही? परवेझ रडायला लागला. हे आत गेले आणि नातीच्या कानात अजान दिली. आख्ख्या वर्षात मी त्यांना सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

मी पण बघितली. नाक माझं नाही, ते बरं झालं. उझ्मा झोपल्या झोपल्या म्हणाली, "अम्मी, पाणी." मोज्यातली बाटली मी पिशवीत आणलीच होती. आधी स्वतः एक घोट घेऊन बघितला, मग तिच्या तोंडाला लावली.

बाहेर आल्यावर नर्सनं माझ्याकडं बघून बटनाकडं बोट केलं. शब्द दिला होता, म्हणून लावलं. तो परत पेटला, तसाच, एक पाय पुढं टाकून.

म्हटलं, आता पळ.